रॅकमध्ये ठेवलेल्या गेमिंग पीसीची स्क्रीन मधूनच काळी पडते: कुठून तपासायचं

टेबलाखालचा गेमिंग पीसी उचलायचा, जिन्याखाली किंवा मागच्या खोलीत रॅक (नेटवर्कची यंत्रं ठेवायची लोखंडी पेटी) उभा करून त्यात बसवायचा, आणि टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माउस ठेवायचा. नेटवर्किंग आणि सीसीटीव्हीच्या कामांसोबत हल्ली सोलापुरात हेही काम मला सांगितलं जातं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेलेला असताना आपल्याच खोलीत ५०० वॅटची उष्णता सोडणारी पेटी कोणाला हवी असते? पंख्यांची घरघर जाते आणि टेबल मोकळं होतं, हे वेगळंच.

पीसी हलवल्यावर काही दिवसांनी जी तक्रार येते ती जवळजवळ ठरलेली असते. गेम चालू असताना स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते आणि परत येते. कधी आठवडाभर काही नाही, कधी एका संध्याकाळी चार वेळा. मग माणूस बाजारात जाऊन आधीपेक्षा महाग केबल आणतो. दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

केबल कधीकधी खरंच दोषी असते. पण पीसी टेबलाजवळ होता तेव्हा चित्र, यूएसबी आणि वीज या तिन्ही गोष्टी एकाच बोर्डावर, हाताच्या अंतरात होत्या. आता तिघांचे रस्ते वेगळे झालेत. यातला कुठलाही एक तुटला तरी बसणाऱ्याला दिसतं एकच: स्क्रीन गेली. म्हणून पैसे खर्च करण्याआधी कुठला रस्ता तुटतोय ते ठरवा. त्याला खर्च येत नाही, फक्त लक्ष ठेवावं लागतं.

स्क्रीन गेली त्या क्षणी काय काय झालं?

पुढच्या वेळी काळोख झाला की खुर्चीतून उठू नका, ऐका. गेमचा आवाज चालू आहे आणि फक्त चित्र गेलंय, तर पीसी ठणठणीत आहे. दोष केबलमध्ये, मॉनिटरमध्ये किंवा मॉनिटरच्या विजेत आहे. मात्र हेडफोन टेबलावरच्या यूएसबी हबला (एका यूएसबी तारेवर अनेक पोर्ट देणाऱ्या डबीला) लावलेला असेल तर ही परीक्षा फसते, कारण हब गेला की आवाजही जातो. त्यासाठी एक छोटा स्पीकर थेट रॅकमधल्या पीसीच्या मागे लावून ठेवा.

चित्र आधी गोठलं, आवाज अडखळला, मग काळोख झाला आणि परत आलं तर डेस्कटॉपवर, असं असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभा राहिलाय. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्प्ले’ या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद सापडते. पीसी पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू झाला, तर तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल. ती नोंद एवढंच सांगते की मशीन रीतसर बंद झालं नाही. कारण वीज असेल, पॉवर सप्लाय असेल किंवा उष्णता असेल. आणि काळोख होण्याच्या आधी विंडोजचा यूएसबी सुटल्याचा आवाज आला, तर आधी हबकडे जा.

शेजारी एक वही ठेवा आणि वेळ लिहा. वेळेसोबत घरात त्या क्षणी काय चालू झालं तेही लिहा: पंखा, मोटर, मिक्सर, लिफ्ट, खालचे माग. ही वही पुढे फार उपयोगी पडते.

चित्राची केबल

एक सोपी चाचणी आहे. स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, १६५ वरून ६० हर्ट्झवर आणा आणि दोन-तीन दिवस तसंच खेळा. २५६० बाय १४४० ची स्क्रीन १६५ हर्ट्झवर चालवायला सेकंदाला साधारण १५-१६ गिगाबिट माहिती वायरीतून जाते. ६० हर्ट्झवर ती सहाच्या आसपास येते. ६० ला दोष गायब झाला आणि १६५ ला परत आला, तर बहुधा केबल तेवढा भार पेलत नाही. काहीच फरक पडला नाही, तर हा भाग सोडून विजेकडे वळा.

तांब्याची साधी डिस्प्लेपोर्ट केबल दोन-तीन मीटरपर्यंत निर्धास्त वापरावी. एचडीएमआयच्या ४८ गिगाबिटवाल्या केबलचंही तसंच. खोक्यावर ‘८के’ छापलेली दहा मीटरची साधी तांब्याची केबल तो वेग देईल यावर मी विसंबत नाही. पाच-सात मीटरच्या पुढे फायबरची, म्हणजे अॅक्टिव्ह ऑप्टिकल केबल घ्या. तिला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. सोर्स टोक पीसीकडे हवं, उलट लावली तर चित्र येतच नाही. भिंतीतल्या पाइपातून ओढायच्या आधी जमिनीवर पसरून, दोन्हीकडे लावून, एक संध्याकाळ चालवून बघा. २० एमएमच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं जात नाही, आणि मोठ्या पाइपातही वळणावर अडकलं की माणूस जोर लावतो. तांबं तो जोर सहन करतं, फायबरमधली काच करत नाही. केसिंग-पट्टीच्या कोपऱ्यात ही केबल काटकोनात दाबू नका, वळण गोलाकार ठेवा.

आणखी एक गोष्ट फक्त कोरड्या उन्हाळ्यात दिसते. खुर्चीतून उठताना किंवा धपकन बसताना स्क्रीन गेली, तर हसण्यावारी नेऊ नका. गॅस-लिफ्टच्या खुर्चीतून निघणारी स्थिर विजेची ठिणगी लांब केबलमधल्या सिग्नलला क्षणभर बिघडवू शकते, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ती सहज तयार होते. मुद्दाम पाच-सहा वेळा उठून-बसून बघा. तसं निघालं तर जाड शील्डची किंवा फायबरची केबल लावा.

यूएसबीबद्दल थोडक्यात

कीबोर्ड-माउसला यूएसबी २.० पुरतं, आणि त्याची तांब्याची मर्यादा पाच मीटर आहे. त्यापुढे रिपीटर असलेली अॅक्टिव्ह केबल लागते किंवा कॅट-६ या नेटवर्कच्या वायरीवर चालणारा एक्स्टेंडर, म्हणजे दोन टोकांना दोन डबे असलेला संच, लागतो. एक्स्टेंडरची वायर सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हवी, मध्ये स्वस्तातला नेटवर्क स्विच घालू नका.

कॅट-६ घेताना दुकानातच एक काम करा. वायरीच्या आतली एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. आतून लालसर निघाली तर तांबं. पांढरी चमक दिसली तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. बंडल हातात घेतलं तरी हलकं लागतं. कॅमेऱ्याच्या जोडणीत ती कशीबशी निभावते, पण एक्स्टेंडरला त्याच वायरीतून पलीकडच्या डब्याची वीजही न्यायची असते. लांबी वाढली की पलीकडे व्होल्टेज कमी पडतं आणि माउस सुटायला लागतो.

वायरलेस माउसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, रॅकमध्ये ठेवू नका. लोखंडी पेटीत सिग्नल कोंडतो, शिवाय शेजारच्या यूएसबी ३.० पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. डोंगल टेबलावरच्या हबला लावा. विंडोजच्या पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापरात नसलेलं यूएसबी झोपवणारी सोय) बंद करा.

पाणी सुटलं की गेम जातो

आता विजेबद्दल. सोलापुरात या तक्रारीचं मूळ मला इतर कशापेक्षा इथेच जास्त सापडतं.

साखर पेठेच्या बाजूला एका घरी काम होतं. खाली यंत्रमाग, वर राहणं. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. बारावीतल्या मुलाने पीसी मागच्या खोलीतल्या रॅकमध्ये ठेवून घेतला होता, फायबरची चांगली केबल टाकून. तरी स्क्रीन जायची. त्याला वही ठेवायला सांगितली होती. पुढच्या खेपेला गेलो तर त्याची आई म्हणाली, “काका, पाणी आलं की ह्याचा गेम जातो बघा.” मुलाने वही दाखवली. सगळ्या नोंदी नळाला पाणी येण्याच्या दिवशीच्या, त्याच तासाभरातल्या.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी अख्ख्या गल्लीतल्या मोटरी एकदम चालू होतात. व्होल्टेज झपकन खाली येतं, दिवे मंदावतात. मी मल्टीमीटर टेबलाजवळच्या बोर्डात लावून बसलो. पाणी सुटल्यावर आकडा २२५ वरून १७० च्या घरात उतरला, वर आला, पुन्हा उतरला. त्याच झटक्यात स्क्रीन काळी झाली. रॅकमधला पीसी मात्र चालूच होता, कारण त्याला यूपीएस होता. मॉनिटर आणि यूएसबी हबचा छोटा अॅडॅप्टर मात्र थेट लाइनवर होते. चांगला पॉवर सप्लाय व्होल्टेजची अशी घसरण पचवतो. हबसोबत आलेल्या हलक्या अॅडॅप्टरला ते जमत नाही. हब क्षणभर मेला, मॉनिटरही गेला, आणि मुलाला वाटलं ग्राफिक्स कार्ड खराब झालं.

उपाय होता वायरमनचा. रॅकमधल्या यूपीएसच्या आउटपुटवरून तीन तारांची एक लाइन टेबलापर्यंत ओढली आणि मॉनिटर, हब, स्पीकर त्यावरच घेतले. टेबलावरचं काहीही भिंतीच्या दुसऱ्या बोर्डात राहिलं नाही. तुम्हाला हे पक्कं करण्याआधी तपासायचं असेल तर एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड पुरतो: रॅकमधून टेबलापर्यंत टाका, टेबलावरचं सगळं त्याच्यावर घ्या, आणि पाण्याचा एक दिवस जाऊ द्या.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. इन्व्हर्टरला बहुधा दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खाली तो बॅटरीवर जातो, आणि पटकन जातो. दुसऱ्या मोडमध्ये तो १०० च्या आसपासपर्यंत लाइन धरून ठेवतो, पण बदलताना जास्त वेळ घेतो. पीसीचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर वीज नसताना १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, त्याहून फार नाही. त्यामुळे दुसऱ्या मोडवर वीज गेली की पीसी रीस्टार्ट होतो आणि लोक पॉवर सप्लाय बदलतात. मोड बदला. त्यातून स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर हा पीसी त्याच्यावर घेऊच नका, रॅकसाठी साइन वेव्हचा वेगळा यूपीएस ठेवा. आणि यूपीएसवरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हेत. १००० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ६०० वॅटच देतो. त्यावर ५०० वॅटचा पीसी, मॉनिटर, राउटर आणि डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) घातले की उरतं काय?

अर्थिंग

रॅकच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा.

पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ तुटलेला असेल तर बॉडीवर लाइनच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण मागच्या खोलीच्या बोर्डाला अर्थ नाही आणि टेबलाच्या बोर्डाला आहे, असं असेल तर तो करंट तुमच्या एचडीएमआय आणि यूएसबी केबलच्या शील्डमधून जमिनीत जाण्याची वाट काढतो. स्क्रीन लुकलुकते, माउस सुटतो, स्पीकर गुणगुणतो. अशा घरात पीसी चालू असताना केबल काढ-घाल केली तर एखाद्या दिवशी पोर्टच जळतो. जुन्या घरात तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागे तिसरी तार आहे याची खात्री नसते.

मल्टीमीटर घेऊन दोन्ही बोर्ड मोजा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्ही २३० च्या जवळ यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिथे वीस-तीस दिसले, किंवा फेज ते अर्थ आकडा भलताच कमी आला, तर परवानाधारक वायरमनला बोलवा. मीटर वापरायची सवय नसेल तर हे मोजमापही त्यालाच करू द्या. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात. हे करू देऊ नका. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर रॅकसकट सगळ्या पत्र्यावर पूर्ण फेज येतो. त्याने माणूस मरतो.

पावसाळ्यात सगळं ठीक आणि मार्चपासून त्रास, असं चित्र असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, खड्ड्यातल्या पट्टीचा जमिनीशी संपर्क कमी होतो. खड्ड्याच्या नळीत दोन बादल्या पाणी ओता आणि तासाभराने पुन्हा मोजा. आकडा सुधारला तर रोग सापडला, आता खड्डा नीट भरून घ्या.

गरमी आणि तूस

४१०१ ची नोंद दिसतेय किंवा गेम हळू होत जाऊन पीसी बंद पडतोय, तर रॅकच्या आतली हवा तपासा. वॉल-माउंट रॅकला पुढे काचेचं दार असतं. स्विच आणि डीव्हीआरसाठी ते चालतं, गेमिंग पीसीला त्यातून श्वास मिळत नाही. दार सताड उघडून अर्धा तास तोच गेम खेळा. ग्राफिक्स कार्डाचं तापमान दहा अंशांनी खाली आलं तर जाळीचं दार बसवा. वरच्या बाजूचे पंखे वाढवून उपयोग होत नाही, हवा आत यायलाच वाट नसेल तर पंखे काय ओढणार? रॅकमधल्या रिकाम्या खणांना पुढून पट्ट्या लावून बंद करा, नाहीतर मागून निघालेली गरम हवा त्याच फटींतून फिरून पुढे येते.

रॅक पत्र्याच्या छताखालच्या माळ्यावर असेल तर मे महिन्यात काहीही केलं तरी जमणार नाही, जागा बदला. जिन्याखालच्या बंद खोलीला दाराच्या खाली जाळी आणि वर एक्झॉस्ट फॅन द्या. कूलरचं तोंड रॅककडे वळवण्याचा मोह होतो, तो टाळा. बोअरच्या पाण्याचा क्षार कूलरच्या गवतावर पांढरा जमलेला आपण बघतोच, त्या पाण्याचे थेंब सर्किटवर नकोत.

मागांच्या वस्तीत आणखी एक शत्रू आहे. साखर पेठेतल्या त्याच घरी पीसीची पुढची जाळी काढली तेव्हा ती अख्खी एका सलग थरात उचलली गेली. चादरीच्या सुताची तुसं, त्यात निळे-लाल तंतूही दिसत होते. खळ दिलेल्या सुताची ही तूस नुसत्या फुंकरीने जात नाही, चिकटून बसते. जाळीच्या पुढे रॅकच्या दारालाच बारीक नायलॉनची मच्छरदाणी लावली आणि दर रविवारी ती झटकायचं काम मुलाकडे दिलं. आतून ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने ते गरगर फिरलं तर बेअरिंग जातं.

रॅक घेण्याआधी

ज्यांनी अजून रॅक घेतला नाही त्यांनी रॅकची खोली, म्हणजे पुढून मागेपर्यंतचं अंतर, मोजावी. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंची, आणि गेमिंगच्या कार्डासाठी चार यूची केस लागते. उंचीवर सगळे लक्ष देतात, फसवते ती खोली. सीसीटीव्हीचे रॅक ४५० ते ६०० मिलिमीटर खोल असतात. चार यूच्या बऱ्याच केस त्यात बसवल्या की मागे केबल वळवायला जागाच उरत नाही आणि दार लावताना एचडीएमआयचं डोकं वाकतं. त्या वाकण्यानेही स्क्रीन जाते.

चालू-बंदचं बटण

पीसी लांब गेला की प्रत्येक वेळी उठून बटण दाबायला जावं लागतं, म्हणून लोक तो स्लीपमध्ये ठेवतात. आणि लांब फायबर केबल असताना स्लीपमधून उठल्यावर काही मॉनिटर जागे होत नाहीत. पीसीकडून पुन्हा सिग्नल येतोय हे त्यांना वेळेत कळत नाही. मॉनिटरच्या मेन्यूत ‘ऑटो इनपुट’ बंद करून पोर्ट पक्का निवडा, ‘डीप स्लीप’ असेल तर तेही बंद करा. तरी होत नसेल तर स्लीप सोडा आणि रोज पूर्ण बंद करा.

त्यासाठी मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांवरून दोन तारांची बारीक वायर टेबलापर्यंत आणा आणि दाराच्या बेलचं बटण लावा. दाबलं की जोडणारं, सोडलं की तुटणारं कुठलंही बटण चालतं, आणि बेलचं बटण कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. त्या पिनांवर पाच व्होल्टच्या आतलं व्होल्टेज असतं, म्हणून ही वायर २३० च्या पाइपात घालू नका, फायबरच्या सोबतीने न्या. बटण टेबलाच्या खालच्या बाजूला, गुडघा लागणार नाही अशा जागी बसवा.